जुन्या सेमीचं घर: मागे ओढायचं की पाठीवर बांधायचं?

अमेरिकेत सात-आठ लाख मैल पळालेला स्लीपर ट्रक (म्हणजे ट्रेलर ओढणारा सेमी, ज्याच्या कॅबमागे झोपायची खोली, स्लीपर, असते) स्वस्तात मिळाला, की त्याचं फिरतं घर करायच्या दोन वाटा.

पहिली, घर मागे ओढायचं. मागच्या दोन अ‍ॅक्सलपैकी एक काढतात. टायर वाचतात, वळणही आखूड होतं. मग ट्रेलर जोडायची ग्रीस माखलेली जाड प्लेट उतरवून तिच्या जागी एअरबॅगवाला, म्हणजे हवेच्या फुग्यांवर दचके झेलणारा हिच (जोड) बसवायचा. मालाचा ट्रेलर असो की घर, जोडात अडकणारी खालची खुंटी, म्हणजे किंगपिन, 2 इंचीच, मग बदल कशाला? कारण ट्रकचं सस्पेन्शन 36 टनांच्या हिशेबाने ताठ असतं. हलक्या घराला ते असं बडवतं, की मुक्कामी पोचल्यावर कपाट उघडावं तर बश्या अंगावर. चासी आखूड केली नाही, तर कॅबमागे चिमुकली स्मार्ट गाडी आडवी उभी राहते. दूध आणायला ट्रक कोण काढणार!

दुसरी, चासी लांबवून तिच्यावर खोलीच बांधायची. दिसते रुबाबदार. पण खड्ड्यात चासी पिळते, खोली पिळत नाही. जोड लवचिक ठेवला नाही तर भिंतींना तडे. शिवाय इंजिन बिघडलं, की घरासकट गॅरेजमध्ये मुक्काम. मी पहिलीच वाट धरेन.

मोटरहोम म्हणून नोंदणी करायची तर मात्र दुसरी सरस. मोटरहोमच्या संघीय व्याख्येत स्वयंपाक, फ्रिज, संडास, हीटर किंवा एसी, पाणी-सिंक आणि वेगळी वीज किंवा गॅस यांपैकी चार सोयी लागतात. खोलीत त्या सहज मावतात. पहिल्या वाटेत त्या ट्रकच्या स्लीपरमध्येच कोंबाव्या लागतात, आणि तिथे संडास बसवताना बिछान्याशी भांडण ठरलेलं.