उद्यमनगरात करून घेतलेला ग्राउंड पॉड: हिवाळा-उन्हाळ्याच्या वापरानंतर

दिवाळीच्या सुमारास घेतलेला हा ग्राउंड पॉड पावसाळा तोंडावर आला तरी नेटाने वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितो. ग्राउंड पॉड म्हणजे जमिनीलगत पडून पक्ष्यांचे फोटो काढताना कॅमेरा ठेवायची, काठ वर वळवलेली अ‍ॅल्युमिनियमची थाळी. मध्ये बोल्ट आणि त्यावर बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचा गोळ्याचा सांधा. आधी ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या पॉडचे आटे लवकरच गेले. मग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांना गाठलं.

"कशाला पायजे हे?"

"मामा, ह्यावर कॅमेरा ठेवून चिखलातनं सरकायचंय."

एवढं ऐकून त्यांनी बोल्टचं डोकं खालून पत्र्यात पूर्ण आत बसवलं आणि काठ बोटभर जास्त उचलला. त्यामुळे थाळी ओल्या गाळावर अडत नाही, काठाने माती उकरत नाही. सगळा फरक इथेच आहे.

माझ्याकडे कॅनन आर७ कॅमेरा आणि आरएफ १००-४०० लेन्स आहे. लेन्स फक्त ६३५ ग्रॅमची, तिला कॉलर (लेन्स स्टँडला जोडायचं कडं) नाही, त्यामुळे बॉडीच हेडवर बसवतो. तोल नीट राहतो. आर७ ची स्क्रीन उघडून वर वळवता येते, म्हणून मान मोडत नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा तर गाल जमिनीला टेकवावा लागला असता.

आता मुद्द्याचं. चिखल्या (चिखलात चरणारा छोटा पक्षी) सहा मीटरवर आहे आणि त्याचा डोळा जमिनीपासून दहा सेंटिमीटर, असं धरा. उभं राहून दीड मीटर उंचीवरून फोटो काढला तर लेन्सपासून त्या डोळ्यातून जाणारी नजरेची रेषा पक्ष्याच्या मागे अर्ध्या मीटरच्या आतच जमिनीला टेकते. म्हणजे मागचे खडे, शेण, काटक्या सगळं जवळपास फोकसमध्येच. लेन्स बारा सेंटिमीटरवर आणा, तीच रेषा मागे तीस मीटरवर टेकते. पार्श्वभूमी आपोआप विरघळते. एफ/८ च्या, म्हणजे कमी उघडणाऱ्या स्वस्त लेन्सलाही हे जमतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. नवी महागडी लेन्स घ्यायचा विचार त्यामुळे मी सोडून दिला.

कळंबा तलावाचं पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळावर चिखल्या, टिलवे, धोबी येतात. आपण त्यांच्यामागे सरकण्यापेक्षा पाण्याच्या कडेला आडवं होऊन थांबावं, पक्षी चरत चरत पुढ्यात येतात. एकदा छोटा कंठेरी चिखल्या इतका जवळ आला की डोळ्याभोवतीचं पिवळं कडं स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं. तो एक पाय ओल्या चिखलावर भराभर थरथरवायचा, थबकायचा आणि हललेला किडा टिपायचा. उभ्याने पाहिलं असतं तर ती थरथर मला कधीच कळली नसती.

त्रासही आहेत. पुढ्यात गवताचं एक पातं आलं तरी ऑटोफोकस तिकडे पळतो. अशा वेळी लेन्सची रिंग हाताने फिरवून फोकस पक्ष्याजवळ आणायचा, मग कॅमेऱ्याला त्याचा डोळा सापडतो. चित्र ओळीओळीने टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर धोब्याची हलती शेपटी वाकडी येते, म्हणून मेकॅनिकलच वापरतो. उन्हाळ्यात ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि एकही फोटो धारदार येत नाही, मग कॅमेरा कितीही भारी असो. सरळ घरी यावं. लेन्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, त्यामुळे मी तिला प्लास्टिकची पिशवी बांधतो. अंगाखाली घोंगडं घेतो. ओल लवकर वर येत नाही, कोपरं सोलवटत नाहीत. फक्त माळावरची कुसळं त्यात अशी रुततात की संध्याकाळ ती काढण्यात जाते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मार्चनंतर पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या उघड्या माळावर पोटावर सरकत फिरू नका. टिटवी, डोंबारी, चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात आणि अंडी मातीच्या रंगाची. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की फोटो न काढता आल्या वाटेने मागे फिरायचं. त्या दिवसांत मी फक्त पाणवठ्याच्या कडेला बसतो, तिथेही आधी उभ्याने जमीन नीट बघून.

दोन किलोच्या वरची लेन्स असेल तर ही थाळी आणि बॉलहेड पुरणार नाहीत. मित्राच्या २००-६०० लेन्सला लावून पाहिलं, लेन्स पुढे कलली की हेड घसरतं. त्याच्यासाठी मामांकडे मोठ्या व्यासाची थाळी करायला टाकली आहे, वर गिंबल (जड लेन्स तोलून धरणारं हेड) बसेल अशी. काठाला दोन भोकंही पाडायला सांगितलीत, दोरी बांधून चिखलातनं मागे ओढायला.