जुनी पेट्रोल सेडान घेताना: डिझायर, अमेझ, एक्सेंट की इटिऑस?

इंदुरात चार-पाच लाखांच्या आत, पेट्रोलवर चालणारी आणि वेगळी डिक्की असलेली जुनी गाडी शोधायला निघालेल्या कुटुंबापुढे शेवटी चार नावे उरतात: मारुतीची डिझायर, होंडाची अमेझ, ह्युंदाईची एक्सेंट आणि टोयोटाची इटिऑस. टाटाची टिगोर (२०१७ मध्ये आलेली) आणि फोर्डची अ‍ॅस्पायर याही बाजारात दिसतात. परंतु टिगोरच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर अनेकांना खटकते, आणि फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरात भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केल्यापासून अ‍ॅस्पायर स्वस्त मिळत असली तरी ती पुढे विकणे अवघड झाले आहे. म्हणून या दोन्ही बाजूला ठेवून उरलेल्या चारच गाड्यांचा विचार येथे केला आहे.

तुलनेसाठी जो वापर गृहीत धरला आहे तो इंदूरच्या बहुतेक मराठी घरांचा आहे. सुदामानगर किंवा रामबागेतून रोज पलासिया-विजयनगरपर्यंत थांबत थांबत जाणे-येणे, आणि वर्षातून एक-दोनदा चार-पाच माणसे व सामान घेऊन मानपूर आणि बिजासनचे घाट ओलांडून धुळे, नाशिक, पुण्याकडे जाणे, असा तो वापर आहे. शहरातली रहदारी क्लच आणि ब्रेक खाते, तर भरलेल्या गाडीने केलेला लांबचा प्रवास सस्पेन्शन आणि कूलिंगची परीक्षा घेतो. जुन्या गाडीचे बहुतेक दोष या दोहोंपैकी एका कारणाने उद्भवलेले असतात.

इंजिन

या चारही गाड्यांच्या पेट्रोल इंजिनांत चार सिलिंडर आहेत आणि टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च कोणत्याही गाडीला येत नाही. मात्र चेन वेळेवर बदललेल्या ऑइलवर जगते. सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण खडखड ऐकू आली, तर मागच्या मालकाने ऑइल बदलण्यात हयगय केली असावी, अशी शंका घ्यावी. म्हणूनच गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याने ती चालवून गरम करून ठेवलेली असेल, तर सौदा त्या दिवशी करू नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.

अमेझच्या बाबतीत एक जादा काम ध्यानात ठेवावे लागते. तिच्या १,१९८ सीसी इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) फट अधूनमधून तपासून जुळवावी लागते आणि अनेक मालक हे काम करतच नाहीत, त्यामुळे जुन्या अमेझमधून येणारी बारीक टिकटिक बहुधा याच दुर्लक्षाची असते. खर्च फार नाही, पण माहीतगार मिस्त्री लागतो. याशिवाय २०१७-१८ च्या काही अमेझ गाड्या होंडाने इंधनपंपातील सदोष भागासाठी परत बोलावल्या होत्या. आपण पाहत असलेल्या गाडीचे ते काम झाले आहे की नाही, हे चासी नंबर देऊन अधिकृत कार्यशाळेत विचारता येते, आणि काम राहिले असल्यास ते विनामूल्य करून मिळते.

घाटात पाच माणसे, एसी आणि भरलेली डिक्की अशा स्थितीत इटिऑसचे १,४९६ सीसी इंजिन इतर तिघींच्या १,२०० सीसीच्या आसपासच्या इंजिनांपेक्षा निश्चितच सुखाचे वाटते, कारण तिसऱ्या गिअरमध्येच ती चढ काढते आणि वारंवार गिअर बदलावा लागत नाही. जे कुटुंब दर सुट्टीला महाराष्ट्रात जाते, त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

नेहमीचे दोष

डिझायरचा, विशेषतः २०१२ ते २०१७ च्या पिढीचा, सर्वांत परिचित दोष म्हणजे पुढच्या चाकांकडून येणारा खटखट आवाज. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रटच्या वरचे माउंट झिजल्याने तो येतो. हे सुटे भाग शहरातल्या कोणत्याही दुकानात मिळतात आणि कोणताही मिस्त्री ते बसवू शकतो, त्यामुळे या दोषाला घाबरण्याचे कारण नाही, पण त्याची किंमत सौद्यातून वजा करून घ्यावी. स्टीअरिंग रॅकचा आवाज मात्र वेगळा ओळखावा, कारण रॅकचा खर्च बुशच्या कितीतरी पट असतो. २०१७ नंतरच्या पिढीत एजीएस म्हणजे स्वयंचलित क्लच असलेल्या गाड्याही मिळतात. त्यांतील क्लच चालवणारे यंत्र बिघडले तर साध्या क्लचप्लेटच्या तुलनेत बराच अधिक खर्च येतो, म्हणून गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देणारी एजीएस गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक्सेंटमधला ठरलेला दोष स्टीअरिंगमध्ये आढळतो. गाडी उभी असताना स्टीअरिंग डावी-उजवीकडे थोडेसे हलवले की आतून टकटक ऐकू येते. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगच्या मोटरजवळ एक लहानसे कपलिंग असते आणि ते झिजल्यावर हा आवाज सुरू होतो. भाग स्वस्त आहे, खर्च मुख्यतः मजुरीचा आहे, पण काही गॅरेजवाले थेट संपूर्ण स्टीअरिंग कॉलम बदलायला सांगतात, त्यामुळे ही माहिती असणे फायद्याचे ठरते. एक्सेंटचे मागचे सस्पेन्शन मऊ आहे. पाच माणसे बसल्यावर गाडी मागून खाली बसते आणि जुन्या शॉकअ‍ॅब्जॉर्बरवर तर गतिरोधकाला पोट घासते. तिच्या बाजूने सांगायचे तर मागच्या सीटवरील माणसांसाठी एसीची वेगळी झडप आहे, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेलेला असताना वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला तिचे मोल कळते.

अमेझच्या पहिल्या पिढीत पत्रा आणि आतला आवाजरोध हलका आहे, त्यामुळे महामार्गावर टायरचा आवाज आत येतो आणि त्याला उपाय नाही. तिचेही मागचे सस्पेन्शन मऊ आहे. कागदावर या गाड्यांची जमिनीपासूनची उंची साधारण १६३ ते १७५ मिलिमीटरमध्येच आहे, म्हणजे पोट घासण्याचा प्रश्न उंचीपेक्षा मागच्या स्प्रिंगच्या अवस्थेचा अधिक आहे. चाचणीला जाताना मागे तीन माणसे बसवूनच गाडी चालवावी. सीव्हीटी, म्हणजे एक प्रकारचा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेली अमेझ पाहत असाल, तर त्या गिअरबॉक्सचे ऑइल बदलल्याची लेखी नोंद मागावी, आणि नोंद नसेल तर ती गाडी सोडून द्यावी.

इटिऑसबद्दल लिहिण्यासारखे दोष थोडे आहेत. दारांचे रबर, डॅशबोर्डची खरखर आणि साधीसुधी अंतर्गत सजावट, एवढ्याच तक्रारी बहुतेक वेळा असतात. सुटे भाग मारुतीपेक्षा महाग पडतात, पण ते लवकर लागत नाहीत.

पेट्रोलचा खरा हिशेब

मध्य प्रदेशात पेट्रोल गुजरातपेक्षा बरेच महाग आहे. इंदुरात ते लिटरला १०६-१०७ रुपयांच्या आसपास राहिले आहे, म्हणून हिशेबासाठी १०७ रुपये धरू. शहरातल्या वापरात चांगल्या अवस्थेतील डिझायर लिटरला १५ किलोमीटर आणि एक्सेंट किंवा अमेझ १४ किलोमीटर देईल, असे मानले, तर महिना ८०० किलोमीटर चालवणाऱ्याला डिझायरमुळे महिन्याला सुमारे ४०० रुपये, म्हणजे वर्षाला जेमतेम ४,९०० रुपये वाचतील. त्याच वर्षाची आणि तितकीच चाललेली डिझायर जर एक्सेंटपेक्षा ६०,००० रुपयांनी महाग मिळत असेल, तर केवळ पेट्रोलच्या बचतीतून तो फरक भरून यायला १२ वर्षे लागतील. महिना २,००० किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र तोच फरक पाच वर्षांत भरून मिळतो. डिझायर पुन्हा विकताना त्या जादा रकमेचा काही भाग परत मिळतो, हेही खरे, परंतु सहा-सात वर्षे गाडी वापरायची असेल तर तो भाग बराच घटलेला असतो. ‘अ‍ॅव्हरेज चांगले’ एवढ्या एका वाक्यावर डिझायरसाठी वाटेल ती किंमत मोजणारे लोक मी पाहतो तेव्हा मला मनापासून वाटते की त्यांनी आधी आपला महिन्याचा वापर कागदावर मांडावा.

इटिऑस शहरात लिटरला १२-१३ किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. महिना ८०० किलोमीटरच्या वापरात डिझायरच्या तुलनेत तिला वर्षाला साडेदहा ते १७ हजार रुपयांचे पेट्रोल अधिक लागेल, हे आधीच मान्य करून ती घ्यावी.

या हिशेबात आता २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचाही विचार करावा लागतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिलेला आहे. २० टक्के मिश्रण सोसणारे भाग १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत आले, म्हणजे या आढाव्यातल्या जवळपास सर्वच गाड्या त्याआधीच्या आहेत. त्यामुळे इंधनाच्या रबरी नळ्या आणि त्यांचे जोड तपासून घ्यावेत, आणि आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीकडे अधिक संशयाने पाहावे, कारण इथेनॉल ओलावा शोषून घेते. बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी असेल, तर त्या किटची नोंद आरसीवर आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली आहे का, हे पाहावे. नोंद नसलेल्या किटमुळे विम्याचा दावा अडकू शकतो.

इतर खर्च

तृतीय पक्ष विम्यात, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्यात, चौघींमध्ये फरक नाही. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा २०२२ च्या जूनपासून ३,४१६ रुपये अधिक कर असा ठरला, आणि इटिऑससुद्धा चार सीसीने का होईना, याच गटात बसते. टायरमध्ये फरक पडतो, पण तो कंपनीपेक्षा व्हेरियंटचा आहे: डिझायर आणि एक्सेंटच्या वरच्या व्हेरियंटना १५ इंची चाके आहेत, आणि चार टायर बदलण्याची वेळ येते तेव्हा १४ इंची चाकांच्या तुलनेत काही हजारांचा भार वाढतो. माळव्यातल्या काळ्या मातीच्या धुळीमुळे एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीआधीच बदलावे लागतात, आणि हा किरकोळ खर्च टाळल्यानेच अनेक गाड्यांचा एसी ‘कमजोर’ ठरतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र पैशांत मोजू नये. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ती असेलच असे नाही. २०१७ ची नवी डिझायर आणि २०१८ ची नवी अमेझ यांच्या सर्व व्हेरियंटमध्ये दोन एअरबॅगा आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आहेत, आणि जुन्या पिढीपेक्षा या पिढ्यांना थोडे अधिक पैसे देण्यासाठी माझ्या दृष्टीने एवढे एक कारण पुरेसे आहे.

कोणाला कोणती

महिन्याला हजार किलोमीटरच्या आत, मुख्यतः शहरात गाडी चालवणाऱ्या कुटुंबाने एका मालकाची, नोंदी पूर्ण असलेली २०१६-१८ ची एक्सेंट पाहावी, कारण त्या पैशांत तीच सर्वांत सुस्थितीत मिळते. रोज देवास किंवा पीथमपूरला जाणाऱ्याने २०१७ नंतरची हाताने गिअर बदलायची डिझायर घ्यावी आणि जादा किंमतीची खंत करू नये. पाच प्रौढ माणसे आणि भरपूर सामान हाच नेहमीचा प्रकार असेल तर इटिऑसला पर्याय नाही: तिची डिक्की ५९५ लिटरची आहे, अमेझ व एक्सेंटची ४०० लिटरच्या आसपास, तर २०१२ च्या पिढीच्या डिझायरची केवळ ३१६ लिटरची. अमेझची मी शिफारस करीन ती २०१८ च्या पिढीचीच, पहिल्या पिढीची किंमत खूपच उतरलेली असेल तरच तिचा विचार व्हावा.

डिझायर आणि इटिऑसच्या बाबतीत टॅक्सीचा धोका सर्वांत मोठा आहे. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करून विकणे कायदेशीर आहे, पण तिने काढलेले लाखो किलोमीटर मीटरवर दिसतीलच असे नाही. पेडलचे रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड आणि मागच्या डाव्या दाराची कडी यांची झीज मीटरच्या आकड्याशी जुळते का, हे पाहावे, आणि आरसीवरचा पूर्वेतिहास तपासावा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीच्या पुरात वडोदऱ्यात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि अशा गाड्या धुऊनपुसून शेजारच्या राज्यांत विकायला येणे अशक्य नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ दिसते का, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का आणि स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, हे तीन ठिकाणी पाहिले की बहुतेक वेळा खरे कळते.

गुजरात, महाराष्ट्र किंवा दिल्लीची पाटी असलेली गाडी कितीही स्वस्त वाटली, तरी मूळ आरटीओची एनओसी आणि मध्य प्रदेशात भरावा लागणारा कर किमतीत मिळवूनच तुलना करावी. गाडीवर कर्ज होते का, ते फिटले असल्यास बँकेचे पत्र व फॉर्म ३५ (आरसीवरील कर्जाची नोंद काढण्याचा) आहे का, हे पाहून मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत करावा, आणि मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) त्याच्याबरोबरच जातो, तो आपल्याला मिळत नाही, हे ध्यानात घेऊनच पहिल्या वर्षाच्या विम्याची रक्कम बाजूला ठेवावी.