कॅनडातील पहिली बचत: टीएफएसए की आरआरएसपी?

कॅनडात स्थिरावून वर्ष-दोन वर्षे झाली आणि घरभाडे, गाडीचा विमा, किराणा हे सगळे भागवून महिन्याकाठी चार पैसे उरू लागले, की हा प्रश्न येतोच. बहुधा तो फेब्रुवारीत येतो, कारण आरआरएसपीत भरलेली रक्कम आधीच्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करून घेण्याची मुदत नव्या वर्षाच्या पहिल्या ६० दिवसांत संपते आणि बँकेतून त्याच सुमारास फोन येऊ लागतात. आरआरएसपी हे निवृत्तीसाठीचे बचत खाते: भरताना कर वाचतो, काढताना लागतो. टीएफएसए हे करमुक्त बचत खाते: भरताना सवलत नाही, पण काढताना कर नाही. मी दोन्ही वापरली आहेत, आधी आरआरएसपी आणि मग टीएफएसए. हा क्रम उलटा असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

नव्याने आलेल्या माणसाच्या बाबतीत पहिला फरक पैसे भरण्याच्या मर्यादेतच आहे. आरआरएसपीची मर्यादा आदल्या वर्षी कॅनडात कमावलेल्या उत्पन्नाच्या १८ टक्के असते; भारतातला पगार त्यात धरला जात नाही, त्यामुळे आल्या वर्षी ती साधारणतः शून्यच असते. टीएफएसएचे तसे नाही. ज्या वर्षी तुम्ही इथले रहिवासी होता, त्या वर्षाची पूर्ण मर्यादा तुम्हाला मिळते, मग तुम्ही डिसेंबरात का उतरला असेनात. मात्र २००९ पासूनची सगळी मर्यादा जोडून १,०२,००० डॉलरचा जो आकडा २०२५ मध्ये सर्वत्र सांगितला जातो, तो तेव्हापासून इथे राहणाऱ्या सज्ञान व्यक्तींसाठी आहे. २०२३ मध्ये आलेल्या माणसाची २०२५ पर्यंतची मर्यादा ६,५००, ७,००० आणि ७,००० मिळून २०,५०० डॉलरच होते. जास्तीच्या रकमेवर दरमहा १ टक्का दंड बसतो, तेव्हा हा हिशेब स्वतः मांडलेला बरा.

आरआरएसपीची बाजू कमकुवत आहे असे मी म्हणणार नाही, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे कर तर वाचतोच, शिवाय ज्या निव्वळ उत्पन्नावर चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून दरमहा मिळणारा भत्ता, ठरतो तेही कमी होते. जुलै २०२५ ते जून २०२६ या काळासाठी, कुटुंबाचे उत्पन्न सुमारे ३७,५०० ते ८१,००० डॉलरच्या दरम्यान असेल, तर एक मूल असताना वाढीव उत्पन्नाच्या ७ टक्के आणि दोन मुले असताना १३.५ टक्के इतका बेनिफिट कमी होतो. म्हणजे दोन मुलांच्या घरात ५,००० डॉलर आरआरएसपीत गेले, तर करबचतीखेरीज वर्षभरात ६७५ डॉलर जास्त बेनिफिट येतो. ही रक्कम लहान नाही, आणि ती टीएफएसएतून मिळत नाही.

तरीही माझा कौल दुसऱ्या बाजूला का गेला, ते सांगतो. मी २०१९ मध्ये ओंटारिओत आलो. २०२२ च्या फेब्रुवारीत बँकेतल्या बाईंच्या सल्ल्याने ६,००० डॉलर आरआरएसपीत भरले आणि २०२१ च्या उत्पन्नातून वजा करून घेतले. तेव्हा माझे उत्पन्न ४५,००० च्या आसपास होते, केंद्र आणि प्रांत मिळून वरच्या डॉलरवर सुमारे २० टक्के कर पडत होता, आणि साधारण १,२०० डॉलर वाचले. आम्हाला तेव्हा मूल नव्हते. २०२३ च्या शरद ऋतूत मुलगी झाली, पत्नी घरी होती, हाताशी ठेवलेली रक्कम बाळाच्या खर्चात गेली, आणि जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री वडिलांना अतिदक्षता विभागात हलवल्याचा फोन आला. तिकिटासाठी आणि रुग्णालयासाठी हाताशी पैसा एकाच ठिकाणी होता. मी ६,००० काढण्याचा अर्ज भरला. तीन दिवसांनी खात्यात ४,८०० आले. ५,००० ते १५,००० डॉलरच्या रकमेवर २० टक्के कर तिथल्या तिथे कापला जातो, हे मी कुठेतरी वाचले होते. पण विमानतळावर मोबाइलवर तो आकडा पाहताना १,२०० डॉलर कमी असणे म्हणजे काय, ते मला खरे कळले.

कापलेला कर तिथेच संपला असता तरी मी काही म्हटले नसते. पुढच्या फेब्रुवारीत टी४आरएसपीची स्लिप, म्हणजे आरआरएसपीतून काढलेल्या रकमेची करासाठीची पावती, आली आणि ते ६,००० माझ्या २०२४ च्या उत्पन्नात मिळवले गेले. माझा पगार तोवर ६२,००० च्या आसपास गेला होता, त्यामुळे त्या रकमेवर २० नव्हे, तर जवळजवळ ३० टक्के कर बसला, आणि एप्रिलमध्ये आणखी ५८० डॉलर भरावे लागले. मग जुलै २०२५ पासून मुलीचा चाइल्ड बेनिफिट दरमहा ३५ डॉलरने कमी झाला, कारण कुटुंबाचे उत्पन्न कागदावर ६,००० ने वाढलेले होते. पैसे भरताना मूल नसल्याने बेनिफिटचा काहीच फायदा मिळाला नव्हता. पैसे काढताना तोटा मात्र पूर्ण झाला. म्हणजे वेळेआधी काढलेल्या ६,००० डॉलरनी करातले आणि बेनिफिटमधले मिळून सुमारे १,००० डॉलर नेले. आणि माझ्या मनाला सर्वांत जास्त लागले ते हे की, ती ६,००० ची मर्यादा कायमची गेली. आरआरएसपीतून असे काढलेले पैसे पुन्हा भरण्याची मुभा परत मिळत नाही.

टीएफएसएतून तेच पैसे काढले असते, तर ६,००० चे ६,००० हातात आले असते, कोणत्याही रिटर्नमध्ये ते दिसले नसते, बेनिफिटला धक्का लागला नसता आणि पुढच्या १ जानेवारीला तेवढी मर्यादा पुन्हा मोकळी झाली असती. या ‘पुढच्या जानेवारी’कडे मात्र लक्ष असू द्यावे. काढलेली रक्कम त्याच वर्षी परत भरली आणि मर्यादा शिल्लक नसली, तर तोच १ टक्क्याचा दंड लागतो. शिवाय खाते टीएफएसएचे असले तरी आतला पैसा मुदतीपूर्वी न मोडता येणाऱ्या जीआयसीत, म्हणजे मुदत ठेवीत, ठेवला, तर अडचणीच्या वेळी तो तितकाच अडकलेला असतो. म्हणून मी निम्मी रक्कम साध्या बचतीवर ठेवतो, व्याज कमी मिळाले तरी.

आपल्याकडच्या अनेक घरांत तिसरा पर्याय गृहीत धरलेला असतो, तो एनआरई ठेवीचा, म्हणजे भारतातल्या बँकेत अनिवासी भारतीयांसाठी असलेल्या ठेवीचा. त्या व्याजावर भारतात कर नाही, हे खरे. पण कॅनडाच्या रहिवाशाला जगभरातले उत्पन्न इथे दाखवावे लागते, त्यामुळे ते व्याज इथल्या उत्पन्नात मिळवले जाते आणि चाइल्ड बेनिफिटही त्या प्रमाणात खाली येतो. तिथला दर चढा दिसला, तरी हे वजा करूनच तुलना करावी.

कदाचित तुमची परिस्थिती माझ्यासारखी नसेल. कंपनी तुमच्या आरआरएसपीत स्वतःचा हिस्सा घालत असेल, तर तेवढी रक्कम आधी भरावी. तो पैसा सोडण्यात अर्थ नाही. पगार वरच्या करटप्प्यात असेल, मुले दोन-तीन असतील आणि पाच-सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढलेला असेल, तर माझाही आग्रह कमी होईल. पहिले घर घ्यायचे पक्के असेल, तर २०२३ पासूनचे एफएचएसए, म्हणजे पहिल्या घरासाठीचे करसवलतीचे बचत खाते, उघडून ठेवावे, कारण त्याची वर्षाला ८,००० ची मर्यादा खाते उघडल्यावरच सुरू होते. भारतात परतण्याचा विचार असेल, तर अनिवासी झाल्यावर आरआरएसपी एकरकमी काढताना २५ टक्के कर कापला जातो, आणि टीएफएसएत अनिवासी असताना नवी भर घालता येत नाही, एवढे ध्यानात असावे.

बाकी ज्यांचे आईवडील अजून तिकडे आहेत, नोकरी नवी आहे आणि मुले व्हायची आहेत किंवा लहान आहेत, त्यांना मी पहिली तीन-चार वर्षे टीएफएसएच सुचवेन. वडील त्या वेळी बरे झाले. गेल्या हिवाळ्यात पुन्हा जावे लागले, तेव्हा २,५०० डॉलर टीएफएसएतून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात २,५०० जमा झालेले होते.