मदरबोर्ड तोच, स्ट्रीमिंग नवं: बी४५०वर आरटीएक्स ४०६० आणि ५७००एक्स३डी, काही महिन्यांच्या वापरानंतर

पीसी २०१८ सालचा. रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, जीटीएक्स १०६० ६ जीबी, ८ जीबीच्या दोन रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. नुसतं खेळायला हा आजही चालला असता. १०८०पीवर सेटिंग्ज जरा खाली आणल्या की बहुतेक गेम निभावून जायचे. रडगाणं सुरू झालं ते स्ट्रीमिंग करायला, म्हणजे खेळ इंटरनेटवर थेट दाखवायला लागल्यावर. आता त्यात दोनच मोठे बदल केलेत: ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० आणि प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स३डी. दोन्ही एकदम घेतले नाहीत, मध्ये बरंच अंतर ठेवलं. त्यामुळे कशाने काय सुधारलं हे वेगवेगळं बघता आलं, आणि ते बऱ्यापैकी अनपेक्षित होतं.

आधी एक सांगते, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅट्सची, म्हणजे आकडेवारीची, खिडकी असते. गळालेल्या फ्रेमचे तीन वेगळे आकडे तिथे दिसतात. नेटवर्कमुळे गळालेल्या, एनकोडिंग (चित्र पाठवण्याजोगं दाबून लहान करणं) मागे पडल्यामुळे सुटलेल्या आणि रेंडरिंग (चित्र जुळवून तयार करणं) मागे पडल्यामुळे हुकलेल्या. बघणाऱ्याला तिन्ही वेळी 'अडकतंय' एवढंच कळतं, पण औषध तिन्हीचं वेगळं. नेटवर्कचा आकडा वाढत असेल तर पीसीवर कितीही खर्च करा, फरक शून्य. एनकोडिंगचा वाढत असेल तर एनकोडर किंवा त्याचा प्रीसेट (वेग आणि दर्जाची ठरलेली सेटिंग) बदलायचा. रेंडरिंगचा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्डाला श्वास घ्यायला जागा नाही, असं समजायचं. गेम आणि ओबीएस एकत्र चालवून तासभर हे आकडे बघा, मग खरेदीचं बोला.

माझ्याकडे एनकोडिंगचा आकडा वाढत होता. प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ एनकोडर 'व्हेरीफास्ट' प्रीसेटवर ठेवला तरी २६००चे सहा कोर गेम आणि एनकोडिंग दोन्ही ओढू शकत नव्हते. मारामारीचा प्रसंग आला की 'एनकोडिंग ओव्हरलोडेड' हजर. मग १०६०च्या कार्डातला एनव्हेंक, म्हणजे एनव्हिडियाचा हार्डवेअर एनकोडर, वापरून बघितला. फ्रेम गळायच्या थांबल्या, पण चित्राचा पार चिखल. गवत, पाऊस, धूर काहीही आलं की चौकोनच चौकोन.

यामागे साधं गणित आहे. ट्विच या स्ट्रीमिंगच्या साइटवर १०८०पी ६० फ्रेमसाठी सेकंदाला ६००० किलोबिटची शिफारस असते. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी एक लाख बिट, साधारण साडेबारा किलोबाइट. त्यात वीस लाखांहून जास्त पिक्सेल बसवायचे. रात्र थोडी सोंगं फार! एवढ्याशा जागेत काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे एनकोडर किती हुशारीने ठरवतो, त्यावर सगळं अवलंबून. १०६०च्या पास्कल पिढीचा एनकोडर यात कच्चा. २०१८च्या ट्युरिंग पिढीपासून तो बराच सुधारला आणि पुढच्या कार्डांतही टिकला. म्हणून प्रोसेसर जास्त जुनाट वाटत असूनही मी आधी कार्ड घेतलं.

कार्ड निवडताना दोन खड्डे टाळायचे. मूळ जीटीएक्स १६५० नावाने ट्युरिंगच, पण तिच्यात एनकोडर आधीच्या पिढीचा आहे. १६५० सुपरमध्ये नवा आहे. आणि आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये हार्डवेअर एनकोडर मुळात दिलेलाच नाही, शिवाय बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआयईच्या लेन (डेटाच्या वाटा) फक्त चार. नुसतं खेळणाऱ्याला हे कदाचित जाणवणार नाही. स्ट्रीमिंगवाल्याने मात्र खोक्यावरचं नाव बघून भुलू नये.

४०६० का? एक म्हणजे वीज. ११५ वॅट, माझ्या १०६०च्या १२० वॅटपेक्षाही कमी. त्यामुळे पॉवर सप्लाय तसाच ठेवता आला. दुसरं म्हणजे एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा एनकोडर. ओबीएस २९.१पासून यूट्यूबवर एव्ही१मध्ये थेट स्ट्रीम करता येतं आणि तेवढ्याच बिटरेटला (सेकंदाला जाणाऱ्या बिटांना) चित्र लक्षात येण्याइतकं स्वच्छ दिसतं. मी दोन्हीकडे स्ट्रीम करते, तेव्हा हा फरक दर आठवड्याला डोळ्यांसमोर असतो. उणी बाजूही आहे, मेमरी ८ जीबी आणि लेन आठच. बी४५०वर जुनं पीसीआयई ३.०, म्हणजे मेमरी भरून गेम बाहेर सांडायला लागला की या बोर्डावर फटका जास्त बसतो. नवीन गेममध्ये मी टेक्श्चर एक पायरी खाली ठेवते आणि मग काही त्रास नाही. ज्यांना टेक्श्चर 'अल्ट्रा'वरच हवेत त्यांनी १२ किंवा १६ जीबीचं कार्ड बघावं.

नवं कार्ड लागल्यावर एनकोडिंगचा आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. चिखल गेला. पूर्णपणे गेला असं म्हणणार नाही. दाट जंगलात वेगाने पळताना ६००० किलोबिटमध्ये कुणाचंच चित्र कोरीव राहत नाही. अशा गेमसाठी मी आउटपुट ९३६पीवर, म्हणजे १६६४ बाय ९३६वर आणते. पिक्सेल कमी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला बिट जास्त. १०८०पीचा हट्ट सोडला की स्ट्रीम छान दिसतो, एवढं अनुभवाने सांगू शकते.

पण गेम अजून अडखळत होता. मोठ्या मल्टिप्लेअर नकाशावर कार्ड ६० टक्क्यांवर निवांत बसलेलं आणि प्रोसेसरचा एखादा थ्रेड फुटायच्या बेतात. सरासरी फ्रेम चांगल्या, तरी मध्येच झटका. हे लक्षण प्रोसेसरचं. ५७००एक्स३डी निवडला तो त्याच्या कॅशसाठी, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीसाठी: एल३ कॅश ९६ एमबी, २६००मध्ये १६ एमबी. कोरही सहाचे आठ झाले, पण एनकोडिंग कार्डाकडे गेल्यावर कोरांच्या संख्येला आता तेवढं महत्त्व नाही.

बसवतानाचं थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे हात थरथरतात. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं. पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून फाइल टाकली की काम होतं. मग कूलर काढायच्या आधी पीसीवर थोडा वेळ एखादा गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम करून घ्या. एएम४ या माझ्या बोर्डाच्या सॉकेट प्रकारात पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेटची खिट्टी लावलेली असली तरी सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर कूलरसोबत उपसून येऊ शकतो. स्क्रू सोडले की कूलर सरळ वर ओढायचा नाही; आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा, पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग उचलायचा. नव्या प्रोसेसरसोबत कूलर येत नाही, मी एका टॉवरचा, १२० मिमी पंख्याचा एअर कूलर घेतला. पहिल्यांदा चालू करताना एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी सोय) रीसेट करायचा का, असं पडद्यावर विचारलं जातं. विंडोजमध्ये बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच ड्राइव्हपुढे ताटकळत बसाल. आणि बायोस अपडेटनंतर एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, बंद पडतं. रॅम गुपचूप कमी वेगाने चालत राहते, ते परत चालू करायचं.

झटके गेले. आणि लगेच ओबीएसमध्ये रेंडरिंगचा आकडा वाढायला लागला, जो आजवर जवळजवळ शून्य होता! आधी प्रोसेसर हळू होता म्हणून कार्डाला उसंत मिळायची. आता प्रोसेसर इतक्या भराभर फ्रेम पुरवायला लागला की कार्ड ९९ टक्क्यांवर गेलं आणि ओबीएसला आपला सीन जुळवायला त्यातून वाटाच मिळेना. मला गेम लोण्यासारखा, बघणाऱ्यांना मात्र धक्के. उपाय फुकटचा निघाला. गेमच्या फ्रेमना मर्यादा घातली, माझ्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर १२०. शिवाय ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडते, त्याने विंडोज त्याला कार्डावर प्राधान्य देऊ शकतं. तेव्हापासून आकडा पुन्हा शून्याजवळ. अपग्रेड केल्यावर स्ट्रीम बिघडला अशी तक्रार कुणी केली की मी आता पहिल्यांदा फ्रेमच्या मर्यादेबद्दलच विचारते.

बाकी किरकोळ. रॅम १६ जीबीच्या दोन घेतल्या. जुन्या दोनांत नव्या दोन मिसळून चारही स्लॉट भरले की पूर्ण वेग टिकेलच असं नाही. रेकॉर्डिंग वेगळ्या एसएसडीवर आणि एमकेव्ही फॉरमॅटमध्ये, म्हणजे मध्येच काही बंद पडलं तरी तोवरचं हाती राहतं.

दुसरा पीसी आणि कॅप्चर कार्ड हा मार्गही तपासला होता. जुने सुटे भाग पडून आहेत म्हटल्यावर मोह होतो. पण त्यासाठी बोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय सगळं पुन्हा आलं, वर दोन पीसींमधल्या आवाजाची जुळवाजुळव. कार्डातला एनकोडर इतका चांगला असताना एकट्या माणसाने ही खटपट कशाला करावी? एएम५ या नव्या सॉकेटचं म्हणाल तर तिथे बोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर तिन्ही एकदम घ्यावे लागतात. टप्प्याटप्प्याने जाता येत नाही.

ज्यांच्याकडे इंटेलची सातवी पिढी आहे, त्यांना मात्र माझा दुसरा, प्रोसेसर बदलण्याचा टप्पा लागू नाही. सॉकेटचं नाव तेच असूनही आठव्या पिढीचे प्रोसेसर २००-सिरीजच्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाहीत. विंडोज ११च्या यादीतही ती पिढी जवळजवळ नाहीच आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यांनी कार्ड आत्ता घ्यायला हरकत नाही, पुढच्या पीसीत ते सोबत नेता येईल. तोवर बायोसमध्ये इन-बिल्ट ग्राफिक्स चालू करून ओबीएसमध्ये क्विक सिंक, म्हणजे त्या ग्राफिक्समधला इंटेलचा एनकोडर, निवडून बघा. एनकोडिंगचा भार त्याच्यावर टाकता येतो आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही.