हर्णै की मालवण?

सुट्टी दोन दिवसांची असेल तर हर्णै. मुंबईहून ते सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मालवण पाचशेच्या. रेल्वेने हर्णैला खेड आणि पुढे दापोलीमार्गे, मालवणला कुडाळ. पण खरा फरक अंतराचा नाही, काय बघायचंय त्याचा आहे.

मासेमारीचा व्यवहार बघायचा असेल तर हर्णैला तोड नाही. मोठ्या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, म्हणून मासळी होड्यांतून आणि पाण्यात उतरलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर येते. दुपारी चारनंतर लिलाव रंगतो. बोली ढिगाची लागते, किलोभर पापलेट तिथे मिळत नाही. ढीग घेतलेल्या बायका शेजारीच वाटे लावतात, तिथे घासाघीस करा. माशाचा कल्ला उचलून बघा. तपकिरी असेल तर पुढे चला. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी भाव चढे, संकष्टीला उतरलेले. गाडीच्या वाटेत फोटोला उभं राहिलात तर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील.

मालवणात गाबित मच्छीमारांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघायला सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर जा. जाळं ओढायला माणसं लागतात, हात लावलात तर कुणी नाही म्हणत नाही. मात्र रापण रोज लागेलच असं नाही.

किल्ल्यात मालवण सरस. 1664 साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गात गोड्या विहिरी आहेत, वस्ती आहे, होडीला ठरलेलं तिकीट आहे. नावाडी साधारण तासभर देतात. 48 एकर तेवढ्यात नीट होत नाही, तेव्हा शिवराजेश्वर मंदिर आणि तट आधी उरका. हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गाला धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, होडीचं भाडं आधी ठरवावं लागतं आणि प्यायचं पाणी बरोबर न्यावं लागतं.

मालवणात दांडीवरून पद्मगड या छोट्या किल्ल्याला चालत जायचं तर ओहोटी हवी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. आठला निघा, दहाच्या आत परता. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, तेव्हा ओहोटी उजाडताना नाहीतर दिवेलागणीला.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. तेव्हा हर्णैला लिलाव नाही आणि पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्याही नाहीत.