ह्यूस्टनचं लेकवुड चर्च : व्यवस्थेला पाचपैकी पाच, शिकवणीला दोन

लेकाकडे ह्यूस्टनला आले आणि दुसऱ्याच रविवारी लेकवुडला जायचा हट्ट धरला. तिथले मुख्य पाळक जोएल ऑस्टीन यांना नगरला असताना टीव्हीवर बरीच वर्षं बघत आले होते. इथं येणाऱ्या आपल्या मंडळींना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

चर्च साउथवेस्ट फ्रीवेला लागून, ग्रीनवे प्लाझात आहे. मूळची इमारत बास्केटबॉलच्या स्टेडियमची. ह्यूस्टन रॉकेट्स 2003 पर्यंत इथंच खेळायचे. 2005 च्या जुलैत इथं उपासना सुरू झाली आणि 2010 साली चर्चने ही वास्तू महापालिकेकडून 75 लाख डॉलरला विकत घेतली. सोळा हजारांवर खुर्च्या आहेत. अकराच्या उपासनेला साडेदहालाच पोचा. गाडी लावायला पैसे पडले नाहीत. पिशव्या तपासतात. गुडघेदुखीवाल्यांनी काळजी करू नये, सरकते जिने आहेत, आणि मला तर एका स्वयंसेवक मुलाने हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं.

आत गेल्यावर नजर आपोआप क्रूस शोधते. व्यासपीठामागे मोठा सोनेरी पृथ्वीगोल संथ फिरत असतो, क्रूस मला दिसला नाही. गायन मात्र असं की अंगावर काटा आला. मग प्रार्थनेची वेळ झाली. ज्यांना ओझं आहे त्यांनी पुढे यावं, असं सांगतात. मी गेले. माझ्याच वयाच्या एका बाईने माझे दोन्ही हात धरले, नाव विचारलं, कशासाठी प्रार्थना करू म्हणाली. मी बहिणीचं सांगितलं. ती माझ्यासाठी रडली. एवढ्या अफाट गर्दीत परक्या बाईला कुणी असं जवळ करतं, त्याचं मोल मी कमी करणार नाही.

उपदेश अर्ध्या तासाचा. आधी सगळे बायबल उंच धरून एकसुरात विश्वासाची कबुली म्हणतात, मग ऑस्टीन बोलतात. आवाज मऊ, कुणावर राग नाही. तुझे चांगले दिवस येणार आहेत, देव तुला वर नेणार आहे, धीर सोडू नकोस, असा एकूण सूर. पैसे टाका म्हणजे दुप्पट मिळतील असं ते म्हणाले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. चर्चचा पगार घेत नाही, पुस्तकांच्या उत्पन्नावर राहतो, असंही ते सांगत आले आहेत. पण ज्याचे चांगले दिवस आलेच नाहीत, त्याने या उपदेशात कुठं बसायचं? मी शेवटपर्यंत वाट पाहिली. त्याच्यासाठी एक वाक्यही आलं नाही.

हे मला का लागलं, ते सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. टीव्हीवरचा एक उपदेशक (लेकवुडशी त्याचा काही संबंध नाही) सांगायचा, विश्वासाचं बी पेरा, शंभरपट पीक येईल. तिने पेरलं. पाचशे-पाचशेच्या मनीऑर्डरी, शेवटी एक बांगडी मोडून पाच हजार. तिकडून तेलाची बोटभर बाटली आली. गुण आला नाही तेव्हा फोनवरून उत्तर मिळालं की विश्वास कमी पडतोय. ती गेल्यावर तिचं बायबल उघडलं, तर मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात, दशमांशाच्या (उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाला देण्याच्या) वचनापाशी, चौदा पावत्या घडी घालून ठेवलेल्या. 31 वर्षं परिचारिका होते, मरणं पुष्कळ पाहिली. पण आजारी माणसाला तुझ्या आजाराला तूच कारण आहेस म्हणणं, याला माझ्याकडे क्षमा नाही.

आणि बी पेरण्याची उपमा देणाऱ्यांनी पारनेरच्या जिराईत रानात एक हंगाम काढावा. माझे आजोबा पेरणी झाल्यावर आभाळाकडे बघायचे. पाऊस दडी मारायचा, दुबार पेरणी व्हायची, कधी तीही वाया जायची. म्हणून आजोबांचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणालं नाही. पाळकसाहेब घरी येऊन भाकरी खायचे, आमच्याबरोबर गुडघे टेकायचे. हंगामाच्या सणाला आमच्याकडून दोन भोपळे जायचे, तेवढंच अर्पण.

सेवकाने पोटाला पुरेसं घ्यावं, कामकरी मजुरीस योग्य आहे, असं खुद्द प्रभूनेच सांगितलंय. मोठी रक्कम हाताळणंही पाप नाही. पंडिता रमाबाईंसाठी 1887 साली बॉस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं, अमेरिकेतून देणग्या आल्या. त्या पैशातून विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उभी राहिली. पुढं दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावला छप्पर दिलं. आमच्या नगरचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून मोकळे झाले. त्यांच्यापुढं क्रेफ्लो डॉलर (आडनावच डॉलर) या अमेरिकन टीव्ही उपदेशकाने 2015 मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या जेट विमानासाठी भक्तांकडे केलेलं आवाहन ठेवून बघा. त्यांच्यासह सहा उपदेशकांच्या संस्थांची चौकशी अमेरिकन संसदेतले सिनेटर ग्रासली यांनी 2007 मध्ये सुरू केली होती. 2011 मध्ये ती दंडाविना संपली. इथल्या कायद्याने चर्चला वार्षिक हिशेबाचं विवरणपत्र भरावं लागत नाही. पुढं 2022 मध्ये क्रेफ्लो डॉलर यांनी आपली दशमांशाची शिकवण चुकीची होती असं जाहीर कबूल केलं. हे कबूल करायला धैर्य लागतं, ते मी मानते. पण दिलेले पैसे ज्यांचे गेले ते गेले.

तर लेकवुडला जा. गायनासाठी जा, प्रार्थनेसाठी जा, मुलांना न्या, त्यांचा विभाग वेगळा आणि सुरेख आहे. घरात कुणी दीर्घ आजारी असेल तर त्याला मात्र उपदेशानंतर एकटं सोडू नका, गाडीत बसून बोला त्याच्याशी.

अर्पणाची बादली आली तेव्हा मी वीस डॉलर टाकले. त्या स्वयंसेवक मुलाने हाताला धरून खुर्चीपर्यंत नेलं त्याचे, आणि त्या बाईने हात धरले त्याचे. परत काही यावं म्हणून नाही.