दोन टप्प्यांच्या मॉडेल रॉकेट किटचा बूस्टर, एक मोसम उडवल्यावर

बूस्टरची, म्हणजे खालच्या टप्प्याची, वरची कागदी जोडनळी आतून जळून पार गेली, म्हणून हे लिहिणं आलं. विक्रेत्याचं उत्तर असं की कागद जळणं ही वापरातली झीज, त्याला वॉरंटी नाही, आणि नुसता बूस्टर मिळत नाही, अख्खा किट घ्या. ज्या नळीचं कामच आग वर पोचवणं आहे, ती आगीने गेली तर झीज! असो.

किट नेहमीचाच: बीटी-५० मापाची कागदी नळी, दोन्ही टप्प्यांत १८ मिमीचे मोटर माउंट, म्हणजे मोटर धरणारी आतली नळी. जसा येतो तसा बांधला तर तक्रारीला जागा नाही. खाली बी६-० किंवा सी६-०, वर सी६-७ (अक्षर मोटरीच्या ताकदीचं, मधला आकडा सरासरी जोराचा, शेवटचा जळून संपल्यावर पॅराशूट निघेपर्यंतच्या सेकंदांचा; शून्य म्हणजे न थांबता वरची मोटर पेटवणारी), दोन मोटरींच्या सांध्यावर सेलोटेपचा एक वेढा, आणि वरची मोटर पेटते. सेलोटेप मात्र खरी सेलोफेनची हवी. दुकानातल्या बहुतेक पारदर्शक पट्ट्या प्लास्टिकच्या असतात. त्या ताणल्या जातात, वेळेवर तुटत नाहीत.

मग खालची मोटर बदलायची कशाला? सी६ सुरुवातीला १४ न्यूटनच्या आसपास जोर देते आणि लगेच पाचच्या खाली येते. दोन टप्प्यांचं वजन घेऊन रॉकेट उड्डाणाच्या रॉडवरून रमतगमत सुटतं, वाऱ्याकडे तोंड वळवतं, आणि दुसरा टप्पा त्या तिरक्या दिशेने पेटतो. पुढे रॉकेट शोधायला गाडी लागते. डी१२-० चा सुरुवातीचा जोर ३० न्यूटनच्या घरात आहे, त्यामुळे रॉकेट रॉड सोडताना सरळ असतं.

बीटी-५० चा आतला व्यास २४.१ मिमी. म्हणजे १८ चं माउंट काढलं की २४ मिमीची डी१२ थेट नळीत बसते. बांधून झालेल्या बूस्टरमधून माउंट काढताना नळी फाटते, तेव्हा हा निर्णय गोंद लावायच्या आधी घ्या. मोटर ७० मिमी लांब आहे. ती मागे ६ मिमी बाहेर राहील अशा बेताने आत थ्रस्ट रिंग (मोटरीला पुढे सरकू न देणारी कडी) चिकटवा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकापासून ६४ मिमीवर. ते बाहेरचे ६ मिमी पुढे लागणार आहेत.

खरी अडचण इथून सुरू होते. २४ ची मोटर १८ च्या मोटरीला टेपने नीट जोडता येत नाही, त्यामुळे मध्ये अंतर ठेवूनच स्टेजिंग करावं लागतं, म्हणजे खालच्या मोटरीने वरची पेटवावी लागते. आणि या किटच्या बूस्टरला हवा बाहेर जायला भोकं नाहीत. एकही नाही. माहितीपत्रकात उल्लेखसुद्धा नाही.

शून्य-डिले मोटर जळत संपते तेव्हा पुढची उरलेली पातळ भिंत फुटते आणि गरम वायू व जळते कण वर फेकले जातात. मधली नळी बंद असेल तर त्या आधी तिथली हवा दाबली जाते आणि दोन्ही टप्पे एकमेकांपासून ढकलले जातात. कण वरच्या मोटरीच्या नोजलपर्यंत (मागच्या तोंडापर्यंत) पोचायच्या आत सस्टेनर, म्हणजे वरचा टप्पा, निघून गेलेला असतो. न पेटलेला सस्टेनर पॅराशूटशिवाय नाक खाली करून येतो, कारण पॅराशूट बाहेर ढकलणारा इजेक्शन चार्ज त्याच मोटरीत आहे. सहा मिमीची दोन भोकं हे टाळतात, आणि कारखान्यात त्यांना खर्च काय येतो? काहीच नाही.

भोकं वरच्या नोजलच्या लगेच खाली हवीत, बूस्टरच्या मोटरीजवळ नाही. दाबली जाणारी हवा वरच्या टोकाला साठते, तिला तिथेच वाट हवी. सांध्यापासून १० ते १२ मिमी खाली, समोरासमोर. ड्रिलने कागदाचे पदर सुटतात, म्हणून चामड्याचा पंच किंवा धार केलेली पितळी नळी फिरवून कापा, कडेला पातळ सुपरग्लूचा थेंब द्या, सुकल्यावर बारीक सँडपेपर फिरवा.

पहिला परिच्छेद सोडला तर इथवरचं मोसमाच्या सुरुवातीला लिहिलेलं आहे, आणि तेव्हाचा शेरा होता की दोन भोकं पाडा, बाकी काही नको. आता तो बदलतो. स्टेजिंग होतं, प्रश्न तो नाही. पण रुंद नळीत वायू भोकांपाशी घुटमळतो आणि दर उड्डाणाला जोडनळीचा एकेक पदर खातो. त्यामुळे आत बीटी-२० ची चिमणी, म्हणजे वायू थेट वर नेणारी अरुंद नळी, घालाच. तिचं खालचं टोक डी१२ च्या पुढच्या टोकाशी, वरचं टोक सस्टेनरच्या बाहेर डोकावणाऱ्या मोटरीवर ३ ते ४ मिमी चढलेलं. आतला व्यास १८ मिमी असल्याने ती बेताची घट्ट बसते. वर ढकलायची हवाही जवळपास निम्मी होते. भोकं आता चिमणी, जोडनळी आणि बाहेरची नळी या तिन्हींतून सरळ रेषेत जायला हवीत. चिमणी २०/५० च्या सेंटरिंग रिंगमध्ये (बीटी-२० ला बीटी-५० च्या मधोमध धरणाऱ्या कडीत) बसवा. एक रिंग भोकांच्या वर, एक खाली. रिंगा बाहेरच्या बाजूने चिकटवायच्या, चिमणी नुसती सरकवायची, म्हणजे जळली की बदलता येते. साधारण १२ सेंमीची चिमणी धरली तर ४५ सेंमीच्या एका नळीत तीन होतात. किटपेक्षा कितीतरी स्वस्त.

वजनाचा हिशेब सोपा आहे. डी१२-० ही सी६-० पेक्षा साधारण १८ ग्रॅम जड, जुनं माउंट गेल्याने निव्वळ वाढ १५ च्या आसपास. मोटर गुरुत्वमध्याच्या मागे २० सेंमी आणि नाक पुढे ४० सेंमी असेल तर तोल राखायला नाकात साडेसात ग्रॅम माती लागते. ही माती सस्टेनरलाही वर न्यावी लागते, म्हणून बूस्टरच्या फिन थोड्या मोठ्या करणं बरं. ओपनरॉकेट या संगणक प्रणालीत पूर्ण रॉकेट आणि एकटा सस्टेनर दोन्ही तपासा. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे किमान एक व्यास, म्हणजे २५ मिमी.

चिमणीचा एक तोटा आहे. रिंगा आणि नळीचं वजन बूस्टरच्या पुढच्या टोकाला येतं आणि तो गटांगळ्या खात सावकाश उतरण्याऐवजी बाणासारखा सरळ खाली येऊ लागतो. रिकामी मोटर आत ठेवून गवतावर उंच फेकून पाहा. सरळ आला तर रिंगा पातळ कार्डच्या करा. आपटणं सोसायला फिन २.४ ऐवजी ३ मिमी बाल्साच्या ठेवा, दोन्ही बाजूंना कागद चिकटवून.

मागे बाहेर राहिलेल्या ६ मिमीवर आणि नळीवर मिळून मास्किंग टेपचे दोन घट्ट वेढे द्या. सस्टेनर पेटताना मागे दाब येतो आणि सैल मोटर बाहेर उडते. उंचावरून पडणारं रिकामं आवरण कोणाच्या तरी डोक्यावर नको. वरच्या मोटरीच्या नोजलमध्ये इग्नायटर किंवा प्लग काही ठेवायचं नाही, आणि हा सगळा खेळ काळ्या पावडरच्या मोटरींपुरताच आहे. कॉम्पोझिट मोटर (रबरासारख्या घन इंधनाची) अशी पेटत नाही, तिला इलेक्ट्रॉनिक्स लागतं.

हे सगळं अमेरिकेत चालतं, तिथे या मोटरी छंदाच्या दुकानात मिळतात. भारतात कोणी अशी मोटर बॅगेत टाकून आणायचा विचार करत असेल तर तो सोडा: विमान कंपनीला चालत नाही, आयातीला स्फोटक कायद्याखालचा परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय नागपुरातच आहे.

पाचपैकी तीन तारे. सस्टेनरला चार दिले असते.